न पुसलेलं गणित

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, लाकडाचा, आणि माझ्या अंगावर बराच काळ एक गणित राहत होतं. राहत होतं असंच म्हणावं लागेल, कारण ते लिहिणारा माणूस गेला तरी ते गेलं नाही. ही हकिगत मला नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. आजवर माझ्यावर दुसऱ्यांनीच लिहिलं. स्वतःहून मी एक अक्षरही उमटवलेलं नाही. तरी प्रयत्न करतो, कारण हे माझ्याइतकं जवळून पाहिलेलं दुसरं कोणी आहे असं दिसत नाही.

माझा जन्म ग्वाल्हेरच्या हजीरा भागातला. एका सुताराने सागवानाच्या पट्ट्या सांधून, त्यांवर रंधा मारून मला घडवलं, काळा रंग दिला आणि हातगाडीवर घालून शहराच्या लष्कर भागात, दौलतगंजला पाठवलं. तिथे भांड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर गोपाळकृष्ण सरांचा क्लास होता. बँकेच्या, रेल्वेच्या परीक्षांना बसणारी मुलं तिथे गणित शिकायला येत. खाली तांबटाचा ठोका चालू असे आणि वर सरांचा आवाज. सर फार बोलके नव्हते. पण खडू हातात आला की ते वेगळेच होत.

सरांचा आवडता विषय एकच, टक्केवारी. त्यातही एकामागून एक होणारे बदल. ते माझ्यावर शंभर लिहीत, त्यापुढे बाण काढीत आणि विचारीत, "वीस टक्के वाढ?"

"एकशेवीस!" मुलं ओरडत.

"आता वीस टक्के घट?"

"परत शंभर!"

मग सर डस्टरची लाकडी पाठ माझ्या चौकटीवर ठक्कन आपटत आणि म्हणत, "कशाचे?"

तेवढा एकच शब्द. मुलं पुन्हा माझ्याकडे बघत. मग कुणाच्या तरी ध्यानात येई की दुसरे वीस टक्के हे शंभराचे नाहीत, एकशेवीसचे आहेत. एकशेवीसातून चोवीस गेले की उरतात शहाण्णव. जेवढे टक्के चढलो तेवढेच उतरलो, तरी पूर्वीच्या जागी पोचलो नाही. सर म्हणत, "पहिला बदल झाला की पायाच हलतो, बाळांनो. दुसरं पाऊल नव्या पायावरून मोजायचं."

सरांची आणखी एक रीत होती. क्लास सुटताना ते एक गणित अर्धवट लिहून ठेवीत. त्याला सगळे मुक्कामी गणित म्हणत. ते रात्रभर माझ्यावर मुक्कामाला असे. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुढे येऊन उत्तर लिहायचं, त्याशिवाय पुसायचं नाही. उन्हाळ्यात नवी बॅच सुरू होण्याआधी मात्र मुलं मला खाली उतरवीत, कोळशाची पूड आणि पाल्याचा रस घेऊन घासून घासून काळा करीत. सर स्वतः बाह्या वर करून घासायला बसत. त्या दिवशी मला फार बरं वाटे. आपण कामाचे आहोत, असं वाटे.

सरांची मुलगी सीमंतिनी लहानपणापासून पुढच्या बाकावर बसायची. मोठी झाल्यावर तीही बँकेच्या परीक्षेला बसू लागली. दोनदा थोडक्यात हुकली. एकदा चैत्र संपता संपता सरांनी मुक्कामी गणित लिहिलं. तळ्यातलं पाणी आधी वीस टक्क्यांनी आटलं. मग उरलेल्यातलं पंचवीस टक्के आटलं. तळं पुन्हा पूर्वीइतकं भरायला आता किती टक्के पाणी वाढायला हवं? खाली त्यांनी लिहिलं शंभर, बाण, ऐंशी, बाण, साठ, बाण, आणि पुढे मोकळी जागा सोडली. मुलं निघून गेली होती. सीमंतिनी वह्या आवरत होती.

"सीमे, साठावरून परत शंभरावर जायचं आहे. वाढ किती टक्के?"

"चाळीस, बाबा," ती मान वर न करता म्हणाली.

डस्टर ठक्कन वाजला. "कशाचे?"

तिने जीभ चावली आणि बोलायला तोंड उघडलं. सर हसले. "आत्ता नको. उद्या सांग," म्हणाले, आणि जिना उतरले. दर्पण कॉलनीतल्या घरी त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, झोपेत त्यांचं हृदय थांबलं.

मित्रांनो, इथून पुढे माझं आयुष्य विचित्र झालं.

क्लास बंद पडला नाही. सरांचे जुने विद्यार्थी हेमेंद्र सर शिकवू लागले. पण माझ्यावरचं गणित कुणी सोडवलं नाही आणि पुसलंही नाही. "सरांचं अक्षर आहे. कोण हात लावणार?" हेमेंद्र सर म्हणाले आणि त्यांनी शेजारी एक पांढराशुभ्र बोर्ड टांगला. त्या उन्हाळ्यात मला कुणी घासलं नाही. कुणीतरी माझ्या चौकटीला हार घातला. दसऱ्याला सरस्वतीबरोबर माझी पूजा झाली, आणि कुंकवाचा एक ओघळ ऐंशीवरून साठावर उतरला. परीक्षेला जाताना मुलं माझ्या कडेला हात लावून तो कपाळाला लावीत. उदबत्तीच्या धुराने माझा कोपरा चिकट झाला. इतका मान मला कधी मिळाला नव्हता आणि इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

त्यातच मी वाजू लागलो. थंडी पडली की माझी चौकट आपोआप ठक् करी. लाकूड आहे, आकसतं, आवाज होतो. मला तरी तसंच वाटतं. पण तो आवाज आला की शिकवता शिकवता हेमेंद्र सर थांबत, मुलांच्या माना वर होत, आणि सीमंतिनीचा चेहरा पांढरा पडे. सगळे माझ्याकडे बघत, जणू आता पुढचा शब्द येणार. शब्द येत नसे. रिकाम्या दुपारी कधी कधी मलाही वाटे की माझ्यासमोर कुणीतरी उभं आहे आणि उत्तराची वाट बघत आहे.

परीक्षा जवळ आली तेव्हा हेमेंद्र सरांनी सराव परीक्षेचे पेपर वाटले. सीमंतिनीच्या पेपरावर त्यांची नजर अडली.

"टक्केवारीतल्या बदलांची गणितं सगळीच्या सगळी सोडलीस?"

"वेळ नाही मिळाला, सर."

"झूठ नको बोलू. त्यांच्या पुढची केलीस की. चुकलं असतं तर समजावलं असतं. तू तर हातच लावत नाहीस."

मागच्या बाकावरून संग्रामसिंह म्हणाला, "सर, इसका तो फळ्याशी बोलणं चालू असतं ना दिनभर!"

"तू उदबत्ती लाव बस्," सीमंतिनी वळून म्हणाली. "मागच्या वेळी पूरा पुडा जाळलास. नंबर कितने आए?"

वर्ग हसला. संग्रामसिंहही हसला. पण सगळे गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. हेमेंद्र सर खुर्ची ओढून समोर बसले.

"सर, असं गणित समोर आलं की बाबा विचारतात, कशाचे. खरंच ऐकू येतं. मग पुढे काही दिसतच नाही. मी त्यांना चुकीचं उत्तर दिलं आणि ते गेले. आता कुठलंही उत्तर लिहिलं तरी ते ऐकायला येणार नाहीत."

 हेमेंद्र सरही रोज सकाळी माझ्या कडेला हात लावणाऱ्यांपैकीच होते. "पुढच्या वर्षी..." त्यांनी सुरुवात केली.

"पुढचं वर्ष नाहीये, सर. परीक्षेचं वय संपतंय माझं. हीच शेवटची."

दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लास भरलेला असताना, जिन्यावर जड पावलं वाजली. शामलाबाई आल्या, सरांची पत्नी. हेमेंद्र सरांनीच त्यांना फोन केला होता. सर गेल्यापासून त्या इथे फिरकल्या नव्हत्या. दारात उभ्या राहून त्यांनी दम खाल्ला आणि मला बघितलं. हार, कुंकू, धुराचा चिकटा.

"हेमेंद्र, हा फळा आहे की समाधी?"

"काकू, सरांचं शेवटचं..."

"सोडवायला ठेवलं होतं ना त्यांनी? का पूजा करायला?"

त्यांनी हार काढला, कोपऱ्यातल्या बादलीतलं फडकं पिळलं आणि मला पुसायला लागल्या. सीमंतिनी धावली, "आई, नको!" पण तोवर तळं गेलं, शंभर गेले, साठ गेले. मी ओला, काळाभोर झालो. 

मग मी वाळू लागलो. आणि मित्रांनो, आकडे परत आले. आधी फिकट राखेसारखे, मग स्पष्ट. शंभर, ऐंशी, साठ. खडू इतके महिने अंगात मुरला होता. शामलाबाईंनी पुन्हा पुसलं. आकडे पुन्हा आले. संग्रामसिंह हळूच म्हणाला, "बाप रे," आणि दाराकडे सरकला.

शामलाबाई दमून पुढच्या बाकावर बसल्या. फडक्यातून पाणी टपकत होतं. "जात नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घरीही असेच आहेत. चष्मा उचलला की तिथे. दार उघडलं की तिथे." थोड्या वेळाने त्यांनी मुलीकडे पाहिलं. "ये इकडे. मला समजावून सांग, काय मागत होते ते. संसार झाला त्यांच्याबरोबर, पण त्यांचं गणित मी कधी विचारलं नाही."

"आई, राहू दे."

"राहू दे काय? आकडे तर वाचता येतात मला. साठ उरले. परत शंभर करायचे. म्हणजे चाळीस घालायचे. मग चाळीस टक्के झाले की! यात इतकं रडण्यासारखं काय आहे?"

"चाळीस टक्के कशाचे, आई?"

शब्द तिच्या तोंडातून निघून गेला आणि ती जागच्या जागी थांबली. स्वर तोच होता. शेवटची मात्रा किंचित वर चढवून विचारायची लकबही तीच. हेमेंद्र सरांचे डोळे भरून आले.  मुलीकडे एकटक बघत शामलाबाई हलकेच म्हणाल्या, "कशाचे म्हणजे? तूच सांग ना."

सीमंतिनीने खडू उचलला.  "शंभर आता राहिलेच नाहीत, आई. आता आपल्याकडे साठ आहेत. जे काही वाढायचं, ते साठावरच वाढायचं. चाळीस हे साठाचे दोन तृतीयांश." आणि बाबांच्या फिकट बाणापुढे तिने लिहिलं, सहासष्ट पूर्णांक दोन तृतीयांश टक्के.

"अगंबाई," शामलाबाई म्हणाल्या. "गेले ते चाळीसच. आणि भरून यायला इतके लागतात?"

"इतके लागतात, आई."

 त्या दिवशी माझी चौकट वाजली नाही.

परीक्षा झाली त्या दिवशी सीमंतिनी केंद्रावरून थेट दौलतगंजला आली. शामलाबाई वाटच बघत बसल्या होत्या. संग्रामसिंहने पाणी आणून दिलं. हेमेंद्र सरांनी विचारलं, "तसलं आलं होतं?"

"आलं. तळं नव्हतं, कारखान्याचं उत्पादन होतं. आधी घटलं, मग अजून घटलं."

"मग? सोडलंस?"

"नाही. विचारलं गेलं, कशाचे म्हणून. आणि मी पुढे लिहीत गेले."

शामलाबाईंनी तिचा हात धरला. "त्यांनी विचारलं?"

सीमंतिनीने नकारार्थी मान हलवली. "बाहेर रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, आई. तो बाबांचा आवाज नव्हता. माझाच होता. बाबा आलेच नाहीत." एवढं म्हणून ती रडू लागली. सर गेल्यापासून तिला मोकळेपणी रडताना मी पाहिलं नव्हतं. तिचं दुःख मला कळलं, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण उत्तर बरोबर आलं म्हणून रडणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

यादीत तिचं नाव आलं. ती आता दुसऱ्या गावी बँकेत आहे. जाण्यापूर्वी तिने आणि संग्रामसिंहने मला खाली उतरवून घासून पुन्हा काळं केलं. तेव्हापासून पुसून वाळलो तरी माझ्यावर जुने आकडे उमटत नाहीत. मी मात्र वाळताना अजून त्यांची वाट बघतो. हे बरोबर की चूक, मला कळत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत कुणीतरी अर्धवट ठेवून गेलेलं काही असेल. त्याला हार घालू नका. ते पुढे लिहा. जे उरलं आहे त्यावरून मोजा, आणि सावकाश मोजा. चुकाल, तर चुका. पुसून पुन्हा लिहायला मी अजून भिंतीवर आहे.