मागची खोली नॉर्वेत

मिरजेतल्या घराची मागची खोली मंगळवारी सकाळी नॉर्वेत गेली. सुनेत्रा आवटीला ते चहाचा कप घेऊन उंबरा ओलांडताना कळलं. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा शेवगा नव्हता. काळा समुद्र होता, बोटी होत्या, आणि गजांवर बर्फ साचला होता. तिनं हात लावून पाहिला. खराच होता.

तिनं शाल पांघरली आणि कामाला बसली. ती नॉर्वेतल्याच एका कंपनीत होती आणि सगळं काम याच टेबलावरून करायची.

दुपारी दारात एक साहेब उभे राहिले. कोणी कुठल्या देशात राहतं ते ठरवायचं आणि त्यावरून कर कुठं भरायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम.

"पगार तिकडून येतो?"

"हो. पण मी राहते इथं, म्हणून कर इथंच भरते."

"राहता, हे तुमचं म्हणणं झालं." त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि चटकन मफलर गुंडाळला. "खोली तिकडे गेलीय. आता तुम्ही कुठल्या, एवढंच ठरवायचंय."

"मी इथली! जन्म मिरजेतला माझा."

"जन्माचं कोण विचारतंय, मॅडम? तुम्ही रोजच्यासारख्या आत बसा. आम्ही घरातल्यांना विचारतो."

घरात तिचे वडीलच होते. आई गेल्यापासून अण्णांचं जेवणखाण, औषधं, सगळं तीच बघायची. ती निर्धास्त होऊन खुर्चीत बसली. अण्णा उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. उघड्या दारातून ते तिला समोरच दिसत होते, मांडीवर ताट घेऊन मटार सोलताना.

"आजोबा, मुलगी कुठं असते तुमची?"

अण्णा ताठ बसले. दवाखान्यात, देवळात, भाजीवाल्याकडे, भेटेल त्याला ते हेच तर सांगायचे.

"सुनेत्रा ना? नॉर्वेला असते."

"अण्णा!" ती ओरडली. "अहो, मी इथं आहे!"

"मोठी कंपनी आहे," अण्णा साहेबांना म्हणाले. "तिथं लागायचं म्हणजे सोपं नाही."

"घरी येते का?"

"सवड कुठंय पोरीला? सारखी कामात."

"झालं मग," साहेब म्हणाले.

ती खुर्ची पाडून धावली. पण दारापाशी पोचेपर्यंत दार नव्हतं. पांढरी लाकडी भिंत होती, आणि खुंटीला तिच्या मापाचा जाड कोट टांगलेला होता. तिनं दोन्ही हातांनी भिंत बडवली. हाका मारल्या. बोटं सोलून निघाली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अण्णा.

"अगं, आत्ता एक साहेब येऊन गेले. तुझी चौकशी करत होते. भला माणूस. मी सगळं खरं सांगितलं."

"अण्णा, मागच्या खोलीत या! आधी या!" फोन कानाला धरून ती दुसऱ्या मुठीनं भिंत बडवत राहिली.

"ऐकू येत नाही गं नीट. तिकडे थंडी फार आहे का?" अण्णा थांबले. "धर हं जरा. इथं मागं कुणीतरी भिंत बडवतंय. त्याला आधी गप्प करतो, मग निवांत बोलू."

तिची मूठ हवेतच राहिली.