शोभनाताईंचा डबा

अन्वी झोपली की मला वीस मिनिटं मिळतात. आज तेवढ्यात एका शब्दाची तयारी करायची होती. उद्या दहाला इथे जर्मनीत, आमच्या एर्लांगेनमधल्याच एका भाषाशाळेत माझा चाचणी तास आहे. जमला तर फ्रेंच शिकवायची नोकरी. शब्द त्यांनीच दिलाय: 'सांग्लिये', म्हणजे रानडुक्कर.

पण अन्वीला ठेवू कुठे? नवऱ्याला, प्रसन्नला, रजा नाही.

"खालच्या शोभनाताईंना विचार ना," सकाळी बूट घालताना तो म्हणाला.

"त्यांचा डबा अजून आपल्याकडे आहे."

"मग दे की."

"रिकामा?"

तो नाड्या बांधायला लागला. पुण्याचाच आहे, त्याला कळतं.

मी बाळंतीण असताना त्यांनी आळिवाचे लाडू पाठवले होते. तीन महिने झाले. शिऱ्यासाठी दोनदा रवा भाजायला घेतला, दोन्ही वेळा अन्वी उठली, दुसऱ्यांदा तर करपलाच. पहिल्या आठवड्यात चिमूटभर साखर घालून देता आला असता. आता साखर म्हणजे चेष्टाच. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी दाराआड थांबते.

अन्वीला दंडावर घेऊन एका हातानं वाचत गेले. शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ 'एकटा'. कळपाबाहेर राहणाऱ्या थोराड नराला म्हणायचे, 'एकटं डुक्कर'. पुढे डुक्कर गळलं, 'एकटा' उरला आणि सगळ्या जातीलाच चिकटला. माद्यांनासुद्धा! त्या तर आया, मावश्या, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं असा गोतावळा घेऊन हिंडतात. विण्यापुरती मादी बाजूला जाते, आणि दोन-तीन आठवड्यांत पिल्लांसकट परतते.

अन्वीला पाचवा महिना लागलाय.

मोकळ्या हातात डबा घेतला आणि अन्वीसकट खाली गेले.

"ताई, रिकामाच आहे."

"अगंबाई, जिवंत आहेस होय! मला वाटलं, लाडू कडू लागले."

"तसं नाही हो. उद्या दहा ते अकरा हिला ठेवाल? माझा तास आहे."

"कसला?"

"रानडुकराचा."

"त्याचा पगार देतात?" त्यांनी डबा बघितलासुद्धा नाही, बुटांच्या कपाटावर ठेवून दिला. "बाराला ने. आणि जेवून जा. आण इकडे तिला."

अन्वी त्यांच्या बांगड्या ओढायला लागली. माझा दंड केव्हाचा बधिर झाला होता.

"बस गं नीलिमा," ताई म्हणाल्या.

बसले.