ठरल्या तारखेचा आकस्मिक खर्च

मी एक जुना लाकडी जिना आहे, चार पायऱ्यांचा. मित्रांनो, माझा जन्मच विसरभोळेपणातून झाला. गोदामाच्या आगीत अग्निशामक दलाचे सात जवान गेले. नगरपालिकेने त्यांचे स्मारक बांधले. चौथरा छातीइतका उंच केला, त्यावर नावांची शिळा बसवली, पण वर चढायचे कसे हे कुणालाच सुचले नाही. तहान लागल्यावर विहीर खोदायची, ही तिथली जुनी रीत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आकस्मिक निधीतून पैसे काढले आणि एका सुताराने दुपारभरात मला उभे केले.

त्या निधीचा नियम साधा आहे. जो खर्च आधी कळणे शक्य नव्हते, त्यालाच तो मिळतो. पुढच्या वर्षी लेखापालांनी मागचीच फाईल उतरवून काढली. तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला येणारा स्मृतिदिन कागदावर मात्र अचानक उगवत आला. मंडप, खुर्च्या, फुले, सगळेच आकस्मिक. मला हसू यायचे.

पाहुणे पुष्पचक्र ठेवून उतरले की सातांतल्या सर्वांत धाकट्याची आई चढायची. माझा कठडा धरून, एकेक पायरी, सावकाश. मुलाच्या नावावरची धूळ ती बोटाने पुसायची, अक्षर न् अक्षर. "मजबूत आहे हो तुमचा जिना," असे ती उतरताना, मला धरून उभ्या असलेल्या नगरपालिकेच्या भांडारपालांना म्हणायची. माझी छाती फुगायची.

उरलेले वर्ष मी स्मारकासमोरच्या भांडारात काढायचो. भांडारपाल मला विटांवर ठेवायचे, तेल लावायचे. पण छप्पर गळू लागले आणि माझी तिसरी पायरी आतून कुजली. त्यांनी अर्ज लिहिला आणि स्वतः घेऊन गेले.

"साहेब, आजी चढतात यावरून. पायरी मोडेल."

लेखापालांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आकस्मिक निधी अनपेक्षित खर्चाला असतो. मोडणार हे तुम्ही लिहूनच दिलंय. मग त्यात अनपेक्षित काय राहिलं?"

"मग दुरुस्तीच्या निधीतून द्या."

"दुरुस्तीच्या यादीत जिना नाही. तो आकस्मिकमधला."

भांडारपालांनी घरून फळीचा तुकडा आणून खालून ठोकला. स्मृतिदिनी त्यांनी आजींना अडवूनही पाहिले. "यंदा खालूनच हात जोडा ना, आजी."

"वर्षातून एकदा तर हात लागतो रे त्याला," ती म्हणाली आणि चढली.

तिसरी पायरी मोडली. आजींच्या खुब्याचे हाड मोडले. मित्रांनो, तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मला माझीच शिसारी आली.

चौकशी झाली. लेखापालांच्या कपाटातून तो अर्ज निघाला. धोका माहीत असूनही भांडारपालांनी जिना बाहेर काढला, असा ठपका ठेवून त्यांना नोकरीवरून काढले. बाहेर काढायचा हुकूम वरून आला होता, पण तो तोंडी होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. अपघात मात्र अनपेक्षित ठरला आणि आकस्मिक निधीतून लोखंडी जिना आला.

पुढच्या स्मृतिदिनी मी भांडाराच्या दारात पुराव्याची चिठ्ठी लावून पडलो होतो. आजींना चाकाच्या खुर्चीतून आणले. नव्या जिन्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. चढणे आता संपले होते.

"आधीचे भांडारपाल कुठं असतात?" त्यांनी नव्या माणसाला विचारले. "मला त्यांना सांगायचंय, तुमची काही चूक नव्हती म्हणून."

"ते होय? त्यांनी गाव सोडलं," तो म्हणाला आणि खुर्च्या मोजायला गेला.

मित्रांनो, एखादी पायरी करकरली तर ती मोडण्याआधी बघा. आणि ती मोडेल असे कुणी लिहून दिले, तर त्या माणसाला जपा. कुणी ऐकेल असे मला वाटत नाही. यंदा त्या कपाटात भांडारपालांचा तेवढा एक अर्ज आहे. त्यानंतर कुणी काही लिहूनच दिलेले नाही.