ऐकायची मुभा

माजेलाने फोन तळ्याकडे धरला आणि बटण दाबलं. आत्याचा रेकॉर्ड केलेला आवाज पाण्यावरून खणखणीत पुढे गेला. कडेवरची लेक केशिया तापाने मलूल झाली होती, तरी तिने मान वळवून पाहिलं.

"बंद कर ते!"

मागे गळाची दोरी घेऊन फिलोमिनाकाकू उभी होती. दोन्ही कान झाकून ती मटकन खाली बसली. आत्याला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. तिचं नाव कुणी घेत नव्हतं, घराला धुरी दिली होती. आणि आवाज तर दुखवटा संपेपर्यंत ऐकायचाच नव्हता.

माजेलाने घाईघाईने फोन बंद केला.

"काल पोर पाण्यात उतरली, काकू. तळ्याला तिची ओळख करून न देताच. मी बघत होते, तरी उतरू दिलं. नर्सबाई म्हणतात कान सुजलाय, पण तळ्यानेच परकी म्हणून धरली असेल तर?" तिने केशियाच्या कपाळाला हात लावला. "मला आपल्या भाषेतले ते शब्द येत नाहीत. आत्या शिकवायला बसली की मी काहीतरी काम काढून उठायचे."

"आणि त्या फोनात ती कुणाची ओळख करून देतेय, ठाऊक आहे? तुझ्या चुलतभावाच्या पोराची! तळ्याने ओळखायचं कुणाला गं, बये?"

माजेला बघतच राहिली. "तुला कळतं ते?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्या चुलीशी बसतेय. न कळायला मी काय दगड आहे?"

"मग तूच सांग ना पाण्याला."

"मी डेली नदीपलीकडची. ही भाषा या पाण्याची, तुझ्या बापाची. मला ऐकायची मुभा, बोलायची नाही."

माजेलाची मान खाली गेली. काकू गुडघ्यावर हात टेकून उठली, तिच्या पाठीशी आली आणि कानाला तोंड लावून कुजबुजली,

"मला वारा समज. बोल."

पहिला शब्द अर्धाच निघाला. दुसरा वाकडातिकडा निघाला. काकूने तो पुन्हा सांगितला, मग पुन्हा. लेकीचं नाव आलं तेव्हा मात्र माजेलाचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. तिने ओंजळभर पाणी घेऊन केशियाच्या टाळूवर थापलं.

काकू झाडाखाली बसून गळाला आमिष लावू लागली.

"काकू, तुझ्या पाण्याशी कोण बोलतं?"

"माझी नातवंडं तिकडे डार्विन शहरात. नळाचं पितात. नळाला कसली ओळख?"

ती हसली. माजेलाला हसू आलं नाही.

"तिकडचे शब्द मी नुसते ऐकले तर चालेल?"

काकूने दोरी पाण्यात सोडली.  मग शेजारचा आमिषाचा डबा उचलून तिने पलीकडे, उन्हात ठेवला. झाडाखाली माजेलाला बसण्यापुरती तेवढीच सावली होती.