पाटीवरची चंद्रकोर

पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक सरकारी दवाखाना होता. मंजुळाबाई तिथं झाडलोट करायची. सन अठ्ठ्याऐंशी उजाडलं, तरी चार वर्षांत तिनं तिथला डॉक्टर पाहिला नव्हता. पाहिली होती ती त्याच्या नावाची पाटी. कारकून सुकदेव रोज म्हणायचा, "अक्का, पाटी पुसा बरं. साहेबनी इज्जत शे."

तिला वाचता येत नव्हतं. पण फडकं फिरवून फिरवून अक्षरं हाताला पाठ झाली होती. पहिल्या अक्षरावर चंद्रकोर, शेवटचं विळ्यासारखं वाकडं.

लेक प्रमिला बाळंतपणाला माहेरी आली आणि मूल आडवं आलं. गावातल्या झुलालच्या जीपमध्ये तिला निजवून तीन तासांनी धुळं गाठलं. सिव्हिलच्या वाटेवर एक गल्ली लागली आणि मंजुळाबाई बघतच राहिली. दारोदार डॉक्टरांच्या पाट्या, पाट्यांवर चंद्रकोरी! तिच्याकडे चाळीस पाड्यांत मिळून एक, इथं एका गल्लीत वीस. त्यातल्या एका पाटीला शेवटी तोच विळा.

"झुलालभाऊ, उभी कर! आपला डॉक्टर शे हाऊ!"

"अक्का, सिव्हिल पुढे शे. तठे फुकट शे."

"आपला माणूस सोडीसन तिकडे कसाले?"

आत बाकं भरलेली. डॉक्टर बाहेर यायला तास गेला. मंजुळाबाईनं हात जोडले. "साहेब, मी तुमनी पाटीवाली. चार वरीस झाये, रोज पुसस."

तो जरा गोंधळला, मग हसला. "बाई, ती नोकरी सरकारची, हा दवाखाना माझा. ऑपरेशन लागेल. आधी चार हजार भरा." प्रमिलाकडे बघून वर म्हणाला, "इतका उशीर करतात का?"

तिच्या कमरेला साडेतीनशे रुपये होते.

सिव्हिलमध्ये प्रमिला वाचली, मूल गेलं. मधला तास कुणी घालवला, हे मंजुळाबाईला कुणी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

पंधरा दिवसांनी वरून तपासणी यायची होती. सुकदेव म्हणाला, "अक्का, आज पाटी घासून पुसा."

तिनं घासलेट घेतलं, विटेचा भुगा घेतला आणि बसली. दुपारपर्यंत पत्रा कोरा झाला.

"अक्का!" सुकदेव किंचाळला. "साहेबनं नाव कुठे गयं?"

"जठे साहेब शे, तठे. धुळ्याले," ती म्हणाली आणि फडकं पिळून वाळत घातलं.