कपाटामागची रेघ

"कपाट हलवायचं नाही," अलकनंदा म्हणाली. "चार वाजता माणूस घर बघायला येतोय."

"मी कुठं हलवतोय?" कृष्णकांत म्हणाले.

"मग हात काय त्याला धीर द्यायला ठेवलाय?"

कृष्णकांतांनी हात काढला. तळमजल्यावरच्या त्यांच्या घराच्या दारात दोन विद्यार्थी चपला काढत होते. संयुक्ता आणि मुरली, दोघंही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चेन्नईच्या वेलचेरी भागात तळमजल्यावर राहणाऱ्या रखवालदारांसाठी पुरात उपयोगी पडेल असा बांबूचा माळा बांधायचा, हा त्यांचा प्रकल्प होता. पहिला माळा याच इमारतीत, रखवालदार सुब्बाच्या पंपाशेजारच्या खोलीत बांधायचा होता. बांबू कापून गेटपाशी आणून ठेवले होते. अडलं होतं ते उंचीवर.

"मामा, अस्के लोक वेगळंच सांगत्यात," संयुक्ता म्हणाली. तिचे पूर्वज तंजावरचे. घरात अजून तीच जुनी मराठी चालायची, ‘अस्के’ म्हणजे सगळे. "पहिल्या मजल्यावरले अंकल म्हणाले, पाणी घोट्याइतकं. तिसऱ्या मजल्यावरल्या मामी म्हणाल्या, गळ्याइतकं. आम्हीं सरासरी काढली."

"ज्यांना फ्लॅट विकायचाय त्यांचं पाणी घोट्याला, ज्यांनी भरपाई मागितली त्यांचं गळ्याला," अलकनंदा म्हणाली. "त्याची कसली सरासरी काढता? आणि किती गोड बोलतेस गं! पेशव्यांच्या दरबारातून आल्यासारखी."

मुरली हसला. त्याला मराठी थोडंफार समजायचं, पण बोलताना तो तमिळच बोलायचा. "अंकल, सुब्बाच्या खोलीचा पत्रा फार खाली आहे," तो म्हणाला. "माळा खाली बांधला तर बुडेल. वर बांधला तर डोकं पत्र्याला लागेल, बसताच येणार नाही. मधे थोडीशीच जागा आहे. ती नेमकी सापडली पाहिजे."

कृष्णकांत खिडकीतून बाहेर बघत राहिले. गेल्या आठवड्यातही ही मुलं आली होती, तेव्हा त्यांनी "नक्की आठवत नाही" म्हणून सांगितलं होतं. रेल्वेच्या कार्यालयात आयुष्यभर त्यांनी अशीच उत्तरं दिली होती. कुणी सही मागितली की "बघतो", कुणी मत विचारलं की "तुम्ही म्हणाल तसं". साहेब बदलत गेले, कृष्णकांतांचं टेबल तिथंच राहिलं. घरी येऊन ते पुस्तक उघडत. पुस्तक मत विचारत नाही.

आता ती पुस्तकं खोक्यांत बांधून भिंतीशी रचलेली होती. ठाण्याला मुलीच्या, कीर्तीच्या सोसायटीतच एक लहान घर मिळत होतं. अलकनंदाचे गुडघे दुखायचे. मुलीजवळ जायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. हे घर विकलं गेलं तरच ते जमणार होतं आणि दोन वर्षांत घर बघायला येणारा हा पहिलाच माणूस होता.

बाहेरून सुब्बाची बायको कनका ओरडली, "मुरली तंबी, बांबू उन्हात तडकतील! पाणी कुठवर आलं ते मला विचाराल, तर मी तेव्हा टाकीवर बसले होते. अंधारात काय दिसणार?"

ते सगळ्यांना माहीत होतं. पुराच्या रात्री जिन्याच्या जाळीला आतून कुलूप होतं, वर जायला वाट नव्हती. कनका पहाटेपर्यंत पाण्याच्या टाकीवर बसून होती. ते कुलूप अजूनही रोज लागायचं. असोसिएशनच्या सभेत त्याचा विषय निघाला की लोक चहा मागवायचे.

कृष्णकांत वळले. "मुरली, त्या बाजूनं धर," ते म्हणाले.

"अहो," अलकनंदा म्हणाली.

"पुरानंतर रंगाऱ्यांनी कंटाळा केला होता. कपाटामागं रंग दिलेलाच नाही."

"मला सांगताय? मीच त्यांना म्हटलं होतं, राहू दे म्हणून. चार वाजेपर्यंत तरी थांबा. त्याला घर बघून जाऊ द्या, मग काय भिंती फोडायच्यात त्या फोडा."

"मग त्याला न सांगता विकल्यासारखं होईल."

एवढं सरळ वाक्य ते फारसं कधी बोलत नसत. अलकनंदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटेतली खुर्ची ओढून बाजूला केली. "पाय सांभाळा," ती म्हणाली.

कपाट करकरत सरकलं. मागं पिवळट भिंतीवर एक तपकिरी रेघ होती, सुतासारखी सरळ. कृष्णकांत तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. रेघ त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लागत होती.

"अय्यो," संयुक्ता हळूच म्हणाली.

मुरलीनं पारदर्शक नळीत पाणी भरलं. नळीचं एक टोक रेघेपाशी संयुक्तानं धरलं, दुसरं घेऊन गेटवरून आलेला सुब्बा दारातून बाहेर गेला. नळीतलं पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीवर थांबलं, तसं मुरलीनं बाहेरच्या भिंतीवर खूण केली. त्या खुणेवरून निळ्या रंगाची एक पट्टी दारापासून पार्किंगच्या भिंतीवरून सुब्बाच्या खोलीपर्यंत गेली. दुपारभर हातोड्यांचे आवाज येत राहिले. माळा पट्टीच्या दोन विती वर बसला. कनका शिडीवरून चढली, मांडी घालून बसली आणि डोक्यावर हात फिरवून पाहिला. पत्रा हाताला लागला, डोक्याला नाही.

"आता पूर आला तरी इथनंच गेट उघडते," ती म्हणाली.

घर बघायला येणारे गुरुमूर्ती चार वाजता आले. नुंगंबाक्कमला नोकरी करणारे, नीटनेटके गृहस्थ. ओली पट्टी पाहून ते दारातच थांबले. "हे काय?"

मुरली चपापून कृष्णकांतांकडं बघू लागला. अलकनंदा पदराला हात पुसत आतून आली.

"पुराचं पाणी इथवर आलं होतं," कृष्णकांत म्हणाले. "आतही खूण आहे. या, दाखवतो."

"एजंट म्हणाला, पायरीपर्यंत."

"पायरीही होतीच की पाण्यात," अलकनंदा म्हणाली.

गुरुमूर्तींनी घर पाहिलं, कपाटामागची रेघ पाहिली, कॉफी घेतली. निघताना त्यांनी कृष्णकांतांचा हात हातात घेतला, जरा जास्त वेळ. "फोन करतो," ते म्हणाले. तो फोन येणार नव्हता हे कृष्णकांत आणि अलकनंदा दोघांनाही कळलं.

संध्याकाळी विद्यार्थी गेले. कपाट तसंच तिरकं उभं होतं. अलकनंदानं कीर्तीला फोन लावला. "या वर्षी नाही जमायचं गं," एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवून ती भिंतीशी रचलेल्या खोक्यांकडं गेली. वरच्या खोक्याची सुतळी तिनं दातांनी तोडली.

"बघत काय बसलात? स्टुलावर चढा," ती म्हणाली आणि पहिलं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. कृष्णकांतांनी ते सवयीनं कपाटाच्या खालच्या फळीकडं नेलं.

"तिथं नाही," अलकनंदा म्हणाली. "रेघेच्या वर."