किल्ल्यांच्या जुडग्यातली तेलाची कुपी

मित्रांनो, किल्ल्यांच्या जुडग्यात मला पाहिलंत तर तुम्ही मला शिट्टी समजाल. एका लहान मुलीनं तर मला ओठांशी लावून फुंकरही मारली होती. पण मी वाजत नाही. मी पितळेची एक जुनी कुपी आहे, करंगळीपेक्षाही लहान. माझ्या पोटात थोडंसं ऑलिव्हचं तेल मावतं. मेडिकलच्या दुकानात बाळाच्या मालिशसाठी मिळतं ना, तेच.

हैदराबादच्या एका गल्लीत लेथवर माझा जन्म झाला. कारागिरानं मला कापलं, घासलं, गळ्याला आटे पाडले आणि झाकणात रबराची चकती बसवली. पुढे एका बाईनं मला विकत घेतलं. ती गोदावरीकाठच्या गावात ब्लाउज शिवायची. तिचा मुलगा दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून निघाला होता. लोक ज्याला मॉर्मन म्हणतात, त्या चर्चचा. तिनं मला त्याच्या किल्ल्यांना अडकवलं आणि म्हणाली, "झाकण घट्ट लावत जा. आणि काम पुरं करूनच ये."

फिरत फिरत आम्ही गोंदियाला आलो. तिथे त्याचं नाव उरलं नाही. मिशनरींना आडनावानंच हाक मारतात. छातीवरच्या काळ्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, एल्डर दासरी. एल्डर ही मिशनरीची पदवी. जोडीदार होता एल्डर टोप्पो, जशपूरकडचा, हसरा. नियम असा की दोघांनी एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही. बाजारात नाही, न्हाव्याकडे नाही, कुठेच नाही.

त्यांचा दिवस साधा असे. पहाटे उठायचं, वाचायचं, प्रार्थना करायची, नळावर धुतलेला पांढरा शर्ट घालायचा, टाय बांधायचा. मग जिथे बोलावलं असेल तिथे चालत जायचं. कुणाची भिंत रंगवायची, कुणाची तांदळाची पोती उतरवायची, पोरांना इंग्रजी शिकवायचं. उन्हात टाय पाहून लोक त्यांना औषध कंपनीचे समजत. कामठ्याच्या वाटेवर एका आजोबांनी रस्त्यातच गुडघा उघडा करून दाखवला होता. टोप्पोनं तो वाकून नीट पाहिला आणि सांगितलं, "दादाजी, डॉक्टर को दिखाओ."

माझं काम मात्र वेगळं. कुणी आजारी असलं आणि त्यानं बोलावलं, की माझं झाकण उघडायचं. एकानं आजाऱ्याच्या टाळूवर एक थेंब लावायचा. मग दोघांनी डोक्यावर हात ठेवायचे, पूर्ण नाव घ्यायचं आणि आशीर्वाद मागायचा. पण तेल कसलंही चालत नाही. नवी बाटली आणली की आधी ती उघडी हातात धरून त्या तेलासाठी प्रार्थना करायची. मग बाटलीवर पेनानं खूण करायची. त्यानंतरच ते माझ्यात भरायचं.

सोमवार कपडे धुण्याचा आणि घरी फोन करण्याचा. अशाच एका सोमवारी दासरीनं नवी बाटली उघडली. मी रिकामी होते म्हणून त्यानं आधी मलाच भरलं. प्रार्थना करणार, तेवढ्यात फोन वाजला. वडील होते. आई गेली होती.

त्यानं माझं झाकण लावलं. घट्ट लावलं. बाटली फळीवर ठेवली.

आईला पुरताना त्यानं मोबाइलवर पाहिलं. मधेच चित्र थांबायचं, मग पुढे सरकायचं. वरिष्ठांनी विचारलं, घरी जायचं का? तो म्हणाला, "काम पुरं करूनच ये म्हणाली होती." दुसऱ्या दिवशी त्यानं शर्ट धुतला, टाय बांधला आणि आम्ही निघालो. तो रडला नाही. चिडलाही नाही. भातात मीठ नसलं तरी खायचा, जास्त पडलं तरी खायचा. सोमवारी वडिलांना सांगायचा, "मी ठीक आहे," आणि मग दोघंही गप्प बसायचे. मी त्याच्या खिशात असे; त्या उन्हाळ्यात माझं झाकण उघडायची वेळ आली नाही. त्याचा हात किल्ल्यांवर पडायचा तेव्हा पितळेवर दगड ठेवावा तसा पडायचा.

गोंदियात ओमेश बोरकरचं घर होतं, आमच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातलं. ओमेश बिरसीच्या विमानतळावर पाळीत काम करायचा. बायको पिंकी, आई देवकाबाई आणि दोन वर्षांची प्रेरणा. मला फुंकर मारणारी ती हीच. पिंकी शिकलेली आणि फार जपणारी. दुधाचा ग्लास देताना बोट बुडवून पाहायची. पंखा कुरकुरला तरी वर बघायची. देवकाबाई मात्र बेधडक. या पोरांनी चर्चच्या नियमाप्रमाणे चहा नाकारला की त्यांची टकळी सुरू व्हायची.

"चाय नाई, काफी नाई, लगन बी नाई. मंग जगून कायले राहिले रे तुमी?"

टोप्पो हसून सांगायचा, "आपके हाथ के शरबत के लिए, अम्मा."

"घे! लबाड हाये हा. आन् तो दुसरा बोलत काऊन नाई? दात दुखते का त्याचा?"

एके दिवशी पिंकीचा फोन आला. प्रेरणाला ताप होता, चढत होता, उतरत होता. ओमेश घरी होता म्हणून आम्ही आत गेलो. घरात पुरुष नसला तर या दोघांनी आत जायचं नाही, हाही एक नियम. पिंकीनं पूर्ण नाव सांगितलं, प्रेरणा ओमेश बोरकर. टोप्पोनं माझ्यातला थेंब पोरीच्या टाळूवर लावला. दोघांनी हात ठेवले. दासरी बोलू लागला. शब्द सगळे बरोबर होते, पण रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखे येत होते. पिंकीनं मधेच डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा मिटले. निघताना टोप्पोनं बजावलं, "डॉक्टर की दवा चालू रखना." रक्त तपासायला दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोप्पोनं फळीवरची बाटली हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"यार, इस पर तो निशान ही नहीं है. दुआ कब की थी?"

दासरी खाटेवर बसला. मग म्हणाला, "नहीं की."

टोप्पोचं म्हणणं, तेलासाठी आता प्रार्थना करू आणि संध्याकाळी गुपचूप पुन्हा आशीर्वाद देऊ. बिचारी आई आधीच घाबरलेली आहे. दासरी म्हणाला, "ती त्या आशीर्वादावर भरवसा ठेवून बसली आहे. सांगायला हवं."

आम्ही गेलो तेव्हा ओमेश कामावर होता. म्हणून दोघं दाराबाहेरच, पायरीपाशी उभे राहिले. पिंकी पोरीला खांद्यावर टाकून दारात आली. तिचे डोळे लाल होते. दासरीनं मोडक्या मराठीत सरळ सांगितलं. कालचं तेल साधं होतं. प्रार्थना करायची राहून गेली होती. "माझी चूक," तो म्हणाला.

पिंकीचा आवाज चिरकला. "म्हणजे कालचं काहीच नव्हतं? मी त्याच्या जोरावर रात्र काढली, एल्डर! दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावत होते. आणि तुम्ही विसरलात? एवढं एकच तर काम तुमचं!"

दासरी खाली बघत राहिला. त्याला लागलंसुद्धा नाही, असं वाटत होतं. टोप्पोला राहवलं नाही. तो म्हणाला, "दीदी, तेल भरतानाच ह्याच्या घरून फोन आला होता. ह्याची आई वारली."

देवकाबाई आतून बाहेर आल्या. "कवा?"

टोप्पोनं सांगितलं. सगळा उन्हाळा मधे गेला होता.

"आन् इतके दिवस इथं बसून शरबत पेला, बोलला नाई?"

पिंकी आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. पण ती परत आली. तिच्या एका खांद्यावर प्रेरणा होती आणि दुसऱ्या हातात बाटली होती. बाळाच्या मालिशची. मी ओळखली. आमच्या फळीवर होती तशीच, त्याच दुकानातली. तिनं ती सासूच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "आई, त्यांचे केस बघा. किती दिवस झाले, कोरडेच दिसतात. मला वाटायचं, उन्हामुळे असेल."

देवकाबाईंनी दासरीला खांद्याला धरून पायरीवर बसवलं. तो बसला. सांगितलं म्हणून बसला.

"तुह्यं नाव काय, बेटा? छातीवरचं नोको सांगू."

दासरी म्हणाला, "घर में... अम्मा चिन्ना बोलती थी. मतलब छोटा."

"चिन्ना," त्या म्हणाल्या आणि तळहातावर तेल ओतून त्याच्या टाळूवर थापलं. एक थेंब नाही, चांगलं ओंजळभर. मग बोटांनी केसांच्या मुळाशी चोळत राहिल्या. तेल ओघळून त्याच्या कॉलरवर उतरलं. रस्त्यावरून जाणारे बघत होते. दासरीनं डोळे मिटले. रडला नाही. फक्त खिशातला हात किल्ल्यांवर होता, तो मला घट्ट धरून राहिला. त्या हाताला कितीतरी दिवसांनी ऊब होती.

संध्याकाळी ओमेश परतल्यावर आम्ही पुन्हा गेलो, नीट प्रार्थना केलेलं तेल घेऊन. दासरी या वेळी मधे दोनदा थांबला. शब्द चुकले. पिंकीनं मात्र शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. काही दिवसांत पोरीचा ताप गेला. औषधानं गेला की आशीर्वादानं, हे मी कसं सांगू? मी कुपी आहे. पुढच्या सोमवारी फोनवर दासरीनं वडिलांना पहिल्यांदाच विचारलं, "नाना, तुम्ही जेवलात का?" आणि पलीकडे एक म्हातारा माणूस कितीतरी वेळ बोलत राहिला.

आता माझी चकाकी गेली आहे, चकती झिजली आहे. किल्ल्या बदलल्या, गावं बदलली, मी त्याच जुडग्यात आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू फार काही मागत नाहीत. झाकण घट्ट लावा, चकती बदला, आणि बाहेर पडताना आत काही उरलं आहे का, एवढं बघत जा. माणसांचंही तसंच आहे. जो सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत फिरतो, त्याच्या केसांकडेही कधी लक्ष द्या. कोरडे दिसले तर त्याला पायरीवर बसवा. आणि तेल लावण्याआधी त्याचं घरचं नाव विचारा.